तडा गृहीत धरा : विमानाचा धातू आणि तीन तरुण संशोधक

आज आपण विमानांविषयी बोलणार आहोत, पण विमान उडतं कसं याविषयी नाही. विमान तुटतं कसं, आणि आजकाल ते इतकं क्वचित का तुटतं, हा आजचा विषय.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकू. ज्या प्रवासी विमानात तुम्ही-आम्ही बसतो, त्याचं गणित मांडणाऱ्या अभियंत्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते : या विमानात तडे आहेत. 'असू शकतील' असं नव्हे, 'आहेत' असंच धरून हिशेब सुरू होतो. ऐकायला हे भीतीदायक वाटतं. पण विमानप्रवास सुरक्षित होण्यात या गृहीतकाचा वाटा मोठा आहे, आणि तिथवर पोहोचायला सुमारे पन्नास वर्षं लागली. या वाटेवरचे तीन महत्त्वाचे टप्पे अशा तरुणांनी गाठले, जे तेव्हा पदवीनंतरचं संशोधन करत होते किंवा त्यातून नुकतेच बाहेर पडत होते. लिव्हरपूलचा एक, पेनसिल्व्हेनियाचा एक आणि सिडनीचा एक. आज या तिघांच्या मागोमाग जाऊ.

कापडाच्या दुकानातली चीर

कापडाच्या दुकानात जुना दुकानदार तागा कसा फाडतो, आठवा. आधी काठाला कात्रीने एक छोटी चीर देतो, मग दोन हातांनी ओढतो आणि टर्रकन कापड सरळ रेषेत फाटत जातं. चीर न देता तेच कापड ओढून बघा, घाम फुटेल. कापड तेच, हातही तेच. फरक फक्त त्या चिरेचा.

1913 साली केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिसने यामागचं गणित मांडलं. पत्र्याला गोल भोक असेल तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक लंबगोल असेल आणि त्याचं टोक अणकुचीदार होत गेलं, तर ताण पाचपट, दहापट, शंभरपट वाढतो. वाढत्या तड्याच्या टोकाशी गोल भोक पाडायची कारखान्यातली युक्ती याचमुळे चालते. टोकच बोथट झालं की तडा तात्पुरता थांबतो.

पण इंग्लिसच्या सूत्रात एक अडचण होती. त्यानुसार सगळं अवलंबून होतं आकारावर, लांबीवर नाही. म्हणजे सारख्याच घडणीचा बारीक ओरखडा आणि मोठा ओरखडा सारखेच धोकादायक ठरायला हवेत. प्रत्यक्षात तसं होत नव्हतं. मोठा ओरखडा जास्त घातक ठरे.

या कोड्यात पडला ॲलन आर्नोल्ड ग्रिफिथ. 1914 साली लिव्हरपूल विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात आला होता. यंत्रांच्या भागांवर घासकामाने उमटणाऱ्या ओरखड्यांमुळे धातूची ताकद किती घटते, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्याने धातू बाजूला ठेवला आणि काच हाती घेतली, कारण काच तुटते तेव्हा वाकत नाही, ताणली जात नाही, सरळ फुटते. त्यामुळे हिशेब स्वच्छ राहतो.

त्याने काचेचे गोल फुगे आणि नळ्या केल्या, त्यांवर मुद्दाम ठरावीक लांबीचे तडे पाडले, आत दाब भरला आणि कधी फुटतात ते बघितलं. हे चित्र लक्षात असू द्या : आत दाब असलेलं पातळ कवच, आणि त्याला एक तडा. आपण याकडे परत येणार आहोत.

ग्रिफिथचं उत्तर ऊर्जेच्या जमाखर्चाचं होतं. ताणलेल्या पदार्थात ऊर्जा साठलेली असते. तडा पुढे सरकला की त्याच्या आजूबाजूचा भाग सैल होतो आणि ती ऊर्जा मोकळी होते, ही झाली जमा. तडा वाढताना दोन नवे पृष्ठभाग तयार होतात, त्यांना ऊर्जा लागते, हा झाला खर्च. खर्च तड्याच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो, पण जमा वाढते लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे तडा छोटा असेतोवर व्यवहार तोट्याचा असतो आणि तडा जागच्या जागी राहतो. एका ठरावीक लांबीच्या पुढे मात्र जमा खर्चावर मात करते. मग तड्याला कुणी ढकलावं लागत नाही, तो आपणहून धावतो.

त्याचा दुसरा प्रयोगही बघण्यासारखा आहे. काचेचे धागे जितके बारीक ओढावेत तितके ते बळकट होत गेले. साधारण 1 मिलिमीटर जाडीची कांडी दर चौरस इंचाला सुमारे 25 हजार पौंडांवर तुटली. तर 3 मायक्रॉनच्या आसपासचा धागा जवळजवळ 5 लाख पौंडांपर्यंत टिकला. वीसपट! काच तीच. मग असं का? कारण इतक्या बारीक धाग्यात मोठा दोष मावायला जागाच नसते. पदार्थाची ताकद त्याच्या रसायनापेक्षा त्याच्यातल्या दोषांवर ठरते, हा याचा अर्थ.

हा निबंध 1921 साली रॉयल सोसायटीने छापला आणि त्याच वर्षी लिव्हरपूल विद्यापीठाने ग्रिफिथला डॉक्टरेट दिली. आणि मग काय झालं? विमानं बांधणाऱ्यांच्या कामात फारसं काही नाही. काचेचं गणित काचेपुरतं ठीक, आमचं ॲल्युमिनियम तर वाकतं, ताणलं जातं, अशी समजूत होती. ग्रिफिथ स्वतः पुढे जेट इंजिनांच्या कामात गेला. निबंध ग्रंथालयात राहिला.

पाण्याच्या टाकीतलं विमान

आता तीस वर्षं पुढे. 2 मे 1952 रोजी डी हॅविलंड कंपनीच्या कॉमेट या विमानाने लंडनहून जोहान्सबर्गची सेवा सुरू केली. जगातलं हे पहिलं जेट प्रवासी विमान. ते 35 ते 40 हजार फुटांवर उडे. तिथली हवा इतकी विरळ की केबिनमध्ये दाब भरणं भागच होतं, आणि कॉमेटमध्ये आतबाहेरच्या दाबातला फरक दर चौरस इंचाला सव्वाआठ पौंड होता. प्रत्येक उड्डाणात केबिन फुगणार, उतरताना पुन्हा सैल पडणार. जाड तार एकदा वाकवून तुटत नाही, पण पुढेमागे, पुढेमागे करत राहिलं की तुटते. धातूचा थकवा म्हणतात तो हाच.

हा थकवा नवा नव्हता. रेल्वेचे आस का तुटतात याचा अभ्यास एकोणिसाव्या शतकातच जर्मनीत ऑगस्ट व्होलरने केला होता. त्याची रीत अशी : गुळगुळीत नमुना घ्या, ताण देत रहा, किती आवर्तनांनंतर तुटतो ते मोजा. त्यावरून 'सुरक्षित आयुष्य' ठरवा आणि ते संपण्याआधी भाग काढून टाका. यात एक मोठं गृहीतक दडलेलं होतं. नमुना सुरुवातीला निर्दोष आहे, असं मानलेलं होतं.

10 जानेवारी 1954 रोजी रोमहून निघालेलं कॉमेट एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटलं. 35 जण गेले. विमानाची 1,290 उड्डाणं झाली होती. सेवा थांबली, तपासणी झाली, काही बदल करून सेवा पुन्हा सुरू झाली. 8 एप्रिलला दुसरं कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात पडलं. आणखी 21 जण. त्याची उड्डाणं फक्त 900 च्या घरात होती.

चौकशी आली फार्नबरोलाच, ग्रिफिथने काचेचे फुगे फोडले त्याच संस्थेकडे. तिथल्या अभियंत्यांनी एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत बुडवलं. पंख तेवढे टाकीबाहेर ठेवले आणि जॅक लावून वरखाली हलवले. केबिनमध्ये पाणी भरून दाब वाढवायचा, कमी करायचा, पुन्हा वाढवायचा. हवेऐवजी पाणी का? कारण दाबलेली हवा भरपूर ऊर्जा साठवते. कवच फाटलं तर बॉम्बसारखा स्फोट होऊन पुरावाच उडून जाईल. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे जिथे फाटलं तिथेच थांबतं.

आधीची खरी उड्डाणं आणि टाकीतली मिळून 3,057 आवर्तनांनंतर कवच फाटलं. सुरुवात एका खिडकीसारख्या चौकटीच्या कोपऱ्याजवळ झाली होती. समुद्रतळातून काढलेल्या एल्बाच्या अवशेषांतही अशीच जागा सापडली, छतावरच्या अँटेनाच्या झरोक्याचा कोपरा. आत दाब, पातळ कवच आणि तडा. ग्रिफिथचा काचेचा फुगा ॲल्युमिनियममध्ये परत आला होता, आता माणसांना घेऊन.

पण एक कोडं उरलं. कंपनीने आधी चाचण्या केल्याच नव्हत्या असं नाही. केबिनच्या भागावर त्यांनी हजारो आवर्तनं करून पाहिली होती आणि तो भाग खऱ्या विमानांच्या कितीतरी पट टिकला होता. उत्तर पुढे लक्षात आलं. त्या भागाला थकव्याच्या चाचणीआधी नेहमीच्या दुप्पट दाब दिला होता, ताकद तपासायला म्हणून. त्या जादा दाबाने कोपऱ्यांजवळचा धातू किंचित ताणला गेला, आणि दाब काढल्यावर तिथे उलटा, दाबणारा ताण मागे राहिला. त्याने तड्यांना रोखून धरलं. म्हणजे एका चाचणीने दुसऱ्या चाचणीची फसवणूक केली. एकदा जोरात ताणलं की नंतर तडा मंद का होतो? याचं एक महत्त्वाचं उत्तर आपल्याला तिसऱ्या तरुणाकडून मिळेल.

तीनदा परत आलेला निबंध

दरम्यान अमेरिकेत जॉर्ज आयर्विन वेगळ्याच तड्यांच्या मागे होता. (सांगलीच्या आयर्विन पुलाशी यांचा काही संबंध नाही, तो व्हाइसरॉय वेगळा.) दुसऱ्या महायुद्धात वेल्डिंग करून बांधलेली जहाजं थंडीत अचानक दुभंगत होती. स्केनेक्टडी नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज जानेवारी 1943 मध्ये पोर्टलंडच्या धक्क्याला उभं असतानाच मोडलं. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत काम करताना आयर्विनने ग्रिफिथचं गणित धातूंना लागू होईल असं बदललं. धातूत तडा वाढताना टोकाशी धातू वाकतो, त्यात खूप ऊर्जा खर्च होते, ती हिशेबात धरली. 1957 साली त्याने दाखवलं की तड्याच्या टोकाजवळची सगळी परिस्थिती एका आकड्यात सांगता येते. त्याला आपण ताणतीव्रता म्हणू. तो आकडा ठरतो ताण आणि तड्याच्या लांबीचं वर्गमूळ यांच्या गुणाकारावरून. हा आकडा पदार्थाच्या चिवटपणाच्या पुढे गेला, की तुटलंच.

पण आयर्विनचा प्रश्न शेवटच्या क्षणाचा होता : कधी तुटेल? विमानाचा प्रश्न त्याआधीच्या हजारो उड्डाणांचा होता : तडा किती वेगाने वाढेल?

इथे येतो पॉल पॅरिस. शहर नव्हे, माणूस. पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठाचा हा संशोधक विद्यार्थी. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने सिॲटलला बोईंग कंपनीतही काम केलं. कॉमेटच्या धक्क्याने तिथे सगळेच विचारात पडले होते, आणि पॅरिसने आयर्विनचं लेखन वाचलेलं होतं. त्याची कल्पना अगदी साधी होती. तड्याच्या टोकाला काय कळतं? पत्रा किती रुंद आहे, ओढतंय कोण, विमान आहे की प्रयोगशाळेतली पट्टी, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. त्याला कळते फक्त ताणतीव्रता. मग दोन ठिकाणी ताणतीव्रतेचा चढउतार सारखा असेल, तर तडा वाढण्याचा वेगही सारखाच असला पाहिजे.

त्याने आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या नमुन्यांवर, वेगवेगळ्या ताणांखाली केलेल्या ॲल्युमिनियमच्या प्रयोगांचे आकडे गोळा केले. बहुतेकांच्या दृष्टीने ते एकमेकांशी न जुळणारे होते. पॅरिसने ते लॉगरिदमच्या कागदावर ताणतीव्रतेच्या चढउतारासमोर मांडले, आणि विखुरलेले ठिपके एका पट्ट्यात येऊन बसले. जवळजवळ सरळ रेषा.

हा निबंध तीन नामांकित नियतकालिकांनी परत पाठवला. आक्षेप असा की धातूच्या थकव्यात टोकाशी धातू उघडउघड वाकतो, मग न वाकणाऱ्या पदार्थाच्या गणितातून आलेला आकडा त्याला कसा लागू पडेल? आक्षेप मूर्खपणाचा नव्हता. पण उत्तर समोरच्या आलेखात होतं : तो वाकलेला भाग इतका छोटा असतो की त्याच्याभोवतीची ताणतीव्रताच त्याचं वागणं ठरवते. शेवटी 1961 साली तो वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या एका छोट्या त्रैमासिकात छापून आला. पुढच्या वर्षी पॅरिसला डॉक्टरेट मिळाली, आणि 1963 मध्ये लीहायच्याच फाझिल एर्दोआनबरोबर त्याने हा नियम अधिक पक्का करून मांडला. आज अभियांत्रिकीच्या पुस्तकांत तो 'पॅरिसचा नियम' म्हणून शिकवतात.

नियम काय सांगतो? ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंत घातांक साधारण 3 ते 4 असतो. 4 धरला, तर ताणाचा चढउतार दुप्पट केल्यावर तडा सोळापट वेगाने वाढेल. आणखी एक हिशेब करू. रुंद पत्रा आहे, ताणाचा चढउतार ठरलेला आहे. समजा तडा 1 मिलिमीटरचा 2 मिलिमीटर व्हायला 10 हजार उड्डाणं लागली. मग 2 चे 4 व्हायला 5 हजार, आणि 4 चे 8 व्हायला अडीच हजार. म्हणजे आयुष्याचा बराचसा काळ तडा डोळ्यांना दिसतही नाही, आणि दिसू लागतो तेव्हा वेळ झपाट्याने संपत असते. पण आता ती वेळ मोजता येत होती. तडा आहे का, या भीतीच्या जागी एक उत्तर देता येण्याजोगा प्रश्न आला होता.

सिडनीचा प्रबंध

तिसरा तरुण वुल्फ एल्बर. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात त्याने 1968 साली प्रबंध पूर्ण केला. तोपर्यंत सगळे असं धरून चालत होते की ताण देऊ लागताच तडा उघडतो. एल्बरने तड्याचं उघडणं बारकाईने मोजलं, तर आलेखाची सुरुवात सरळ येईना. याचा अर्थ, ओढ लागल्यावरही काही काळ तडा मिटलेलाच राहत होता.

कारण असं : तडा पुढे सरकतो तेव्हा त्याच्या मागे ताणल्या गेलेल्या, किंचित फुगलेल्या धातूचा माग राहतो. ते दोन्ही काठ एकमेकांवर दाबून बसतात. दिलेल्या ताणाचा पहिला भाग ते काठ सोडवण्यातच जातो. तडा वाढतो तो उरलेल्या भागाने. जोराचा जादा ताण एकदा देऊन गेला, की हा फुगीर माग जास्त जाड होतो, आणि पुढचा काही काळ तडा रखडतो. कॉमेटच्या फसव्या चाचणीकडे बघायला आता आणखी एक नजर मिळाली होती. आलेखाची जी वाकडी सुरुवात इतर कुणीही मोजमापाची चूक म्हणून सोडून दिली असती, तिच्यातून हे निघालं.

शंभर तास

एवढं ज्ञान हाताशी असताना ते नियमात कधी आलं? दुर्दैवाने, आणखी अपघातांनंतर. 22 डिसेंबर 1969 रोजी अमेरिकी हवाई दलाच्या एफ-111 विमानाचा पंख उडताना निखळला. दोघे वैमानिक गेले. विमान झालं होतं जेमतेम शंभर तासांचं, त्यामुळे जुन्या 'सुरक्षित आयुष्या'च्या हिशेबाने चिंतेचं काही कारणच नव्हतं. पंखाच्या सांध्यातल्या अति-बळकट पोलादी भागात घडाईच्या वेळीच एक तडा राहून गेला होता. पोलाद जितकं बळकट, तितका चिवटपणा बहुधा कमी. थोडासाच वाढून तो तडा पुरेसा ठरला.

मग उरलेल्या विमानांचं काय करायचं? उपाय ऐकण्यासारखा आहे. विमान उणे 40 अंशांपर्यंत थंड करायचं आणि पंखांवर जबरदस्त भार द्यायचा. थंडीत पोलादाचा चिवटपणा घटतो, त्यामुळे मोठा तडा असेल तर विमान जमिनीवरच, चाचणीतच तुटेल. तुटलं नाही, तर उरलेला तडा अमुक लांबीपेक्षा छोटाच आहे हे सिद्ध होतं. आणि तो वाढायला किती उड्डाणं लागतील, हे पॅरिसच्या नियमाने काढता येतं. तोवर उडा, मग पुन्हा तपासा.

1974 साली अमेरिकी हवाई दलाने नियमच केला : नव्या विमानाच्या महत्त्वाच्या भागांत पहिल्या दिवसापासून तडा आहे असं धरून हिशेब करा. 1978 मध्ये प्रवासी विमानांसाठीही हीच दृष्टी नियमात आली. ठरावीक काळाने विमान हँगरमध्ये घेऊन, पत्र्याआडचे तडे विद्युतप्रवाहाने किंवा ध्वनिलहरींनी शोधण्याचं वेळापत्रक याच गणितातून निघतं. सापडू शकेल इतका तडा घातक होईपर्यंत जितकी उड्डाणं लागतील, त्या अवधीत निदान दोनदा तरी तपासणी व्हावी, हे त्यामागचं ढोबळ सूत्र.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. 28 एप्रिल 1988 रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग 737 चं पुढचं छप्पर 24 हजार फुटांवर उडून गेलं. वैमानिकांनी ते उघडं विमान उतरवलं, पण एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. ते विमान 89,680 उड्डाणं करून चुकलं होतं. तिथे एक मोठा तडा नव्हता. रिव्हेटांच्या रांगेत, एकेका भोकाशी, छोटे छोटे तडे होते, आणि ते एकदम एकमेकांना जाऊन मिळाले. एकट्या तड्याचा हिशेब बरोबर होता, पण तडा एकटा नव्हता. नंतर एका प्रवासी महिलेने सांगितलं की विमानात चढताना दाराजवळ तिला तडा दिसला होता. ती कुणाला बोलली नव्हती. आपल्याला काय कळतं, असं तिला वाटलं असेल का? असेलही. गणिताने तडे धरून चालायला शिकवलं, पण तडा शोधायला डोळे लागतात, आणि तो सांगायला आवाज लागतो.

आता या तिघांकडे एकत्र बघू. ग्रिफिथने धातूच्या कोड्यासाठी काच निवडली. पॅरिसने दुसऱ्यांचे न जुळणारे आकडे घेतले. एल्बरने आलेखाचा वाकडा कोपरा सोडला नाही. प्रचंड यंत्रसामग्री यातल्या कुणाच्या यशाचं कारण नव्हती. 'पदार्थ किती बळकट?' हा प्रस्थापित प्रश्न बाजूला ठेवून 'दोष असताना तो कसा वागेल?' हे विचारायची तयारी मात्र तिघांकडे होती.

आणि काम संपलेलं नाही. बोईंग 787 चं वजनाने सुमारे निम्मं विमान कार्बन-तंतूंच्या मिश्रपदार्थांचं आहे. तिथे दोष एका सरळ रेषेत वाढत नाही. थर थरापासून सुटतो, आणि वरून पृष्ठभाग धडधाकट दिसू शकतो. थ्रीडी छपाईने केलेल्या धातूच्या भागांत बारीक पोकळ्या राहतात. तिथे पॅरिसचा नियम जसाच्या तसा पुरत नाही. जगभरच्या विद्यापीठांत आज पदव्युत्तर संशोधन करणारी मुलं-मुली नेमकं हेच करत आहेत : छोटे नमुने ओढून, हजारो आवर्तनं देऊन, दोष कसा वाढतो ते मोजणं. बाहेरून बघणाऱ्याला हे काम कंटाळवाणं वाटेल. पण एखाद्या मोजणीत आलेखाची सुरुवात सरळ येणार नाही, आणि ती पुसून न टाकता तिथे थांबणारं कुणीतरी हवं असेल.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.